तीनदा मोजलेली बादली

विद्यापीठानं मणेरीकर सरांना फसवलं. त्यांच्याकडून अर्धं माप घेतलं, उरलेलं अर्धं दडपलं आणि त्या अर्ध्या मापावर त्यांचं पूर्ण नाव छापलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहिते, कारण गेलेल्या माणसावर लिहिताना आधी फुलं वाहायची आणि खरी गोष्ट शेवटी, वाचणाऱ्याला जांभई आल्यावर सांगायची, अशी रीत पडलेली दिसते. मी भांडी विकणारी बाई आहे. भांड्याला पोचा असेल तर तो आधी दाखवते, मग भाव बोलते.

सर गेल्याचं मला शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं सांगितलं. वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन त्याच्याकडे आला होता. मी गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि रिक्षा करून बसवनगुडीतल्या त्यांच्या घरी गेले. सर सकाळी फिरून आले, अंघोळ केली, पेपर हातात घेऊन खुर्चीत बसले... आणि पेपर खाली पडला. एवढंच. दारात चपलांचा ढीग होता. फाटकाबाहेर मात्र एक माणूस चपला न काढता उभा होता. नंजप्पा. विद्यापीठाच्या मागच्या फाटकापाशी आमची दुकानांची ओळ होती, तिथं याची चहा-इडलीची टपरी. सरांनी त्याच्या बाकावर बसून कित्येक वर्षं चहा प्यायला होता आणि शेवटची दोन वर्षं नंजप्पानं त्यांना चहा दिला नव्हता. मला पाहून तो कानडीत म्हणाला, "अक्का, निजा हेळी. खरं सांगा. या माणसानं आम्हाला विकलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग त्या पुस्तकावर त्याचं नाव कसं?"

मी त्याच्यासाठी फाटक उघडून धरलं. तो आत आला नाही. खांदेकरी निघाले तेव्हा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या मागं मागं, थोडं अंतर ठेवून, स्मशानापर्यंत चालत गेला. मी हा लेख लिहिते आहे तो नंजप्पासाठी. म्हणजे त्याच्यासारख्या ज्यांनी ज्यांनी सरांना शिव्या दिल्या त्या सगळ्यांसाठी. आणि आणखी एका माणसासाठी, त्याचं मी शेवटी बघते.

आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्या आहे ते आम्हालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. माझी आई जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. डोक्यावर पाटी, खांद्यावर बोचकं आणि जिभेवर विंचू. मीही तेच करत बसवनगुडीच्या गल्ल्या तुडवल्या. एका जरीच्या लुगड्यावर बाईला पातेलं हवं असायचं आणि मला तिला चमचा द्यायचा असायचा, त्या दोन टोकांच्या मधे मी मोठी झाले. पुढं विद्यापीठाच्या मागच्या फाटकाबाहेर एक पत्र्याचं दुकान घेतलं. वसतिगृहात नवीन मुलं आली की बादली-मग, स्टोव्ह, ताट घेत. शिकून निघाली की तेच सामान मला वजनावर विकून जात. मी घासून-पुसून पुन्हा नव्या मुलांना विकी. भांड्यावर नाव घालून देणं फुकट. वसतिगृहात बादल्या चोरीला जातात, तेव्हा नाव पाहिजेच. जुनं नाव पुसता येत नाही. त्यावर एक रेघ मारायची आणि खाली नवं नाव घालायचं.

सर आणि वहिनी पुण्याहून नवीन आले तेव्हा याच दुकानात बादली घ्यायला आले होते. सर विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला लागले होते, हे मला नंतर कळलं. मी भाव सांगितला. कानडीत. या गृहस्थांनी एक शब्द न बोलता पाकीट काढलं आणि वहिनींच्या कानाशी मराठीत पुटपुटले, "बाई लुटते आहे, पण भांडायला भाषा येत नाही."

मी मराठीत म्हटलं, "आता येते ना? भांडा."

वहिनी अशा हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. सर लाल झाले. म्हणाले, "मग योग्य भाव काय तो एकच सांगा."

"एकच सांगायला हे काय पोस्ट ऑफिस आहे? तुम्ही काहीतरी कमी बोला, मी कपाळाला हात लावते, तुम्ही जायला निघा, मी हाक मारते. तेवढं झाल्याशिवाय माल देत नाही."

ज्याला घासाघीस येत नाही त्याला फसवण्यात मला कधी चव लागली नाही. त्या दिवशी मी सरांना घासाघीस शिकवली आणि ते इतकं वाईट शिकले की शेवटी मीच दोन्ही बाजूंनी बोलले. तेव्हापासून मी त्यांना मास्तर म्हणायला लागले आणि ते मला, सगळ्या ओळीसारखं, अक्का.

आता मुद्द्यावर येते. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या मनात आलं की आपल्यामुळं या शहराला किती पैसा मिळतो ते मोजावं. सरकारकडून जागा आणि अनुदान मागायचं होतं. नुसतं 'आम्ही ज्ञान देतो' म्हटल्यावर मंत्री चहासुद्धा पाजत नाहीत. आकडा पाहिजे. इंदिरानगरकडं कंप्युटरच्या कंपन्या येत होत्या, जो तो आकडे मिरवत होता, मग यांनाही हुक्की आली. काम मणेरीकर सरांकडं आलं. सरांना आनंद झाला होता हो... मुलाला पतंग मिळावा तसा. माझ्या दुकानात स्टुलावर बसून समजावून सांगायचे. प्राध्यापकांचे पगार कुठं खर्च होतात, मुलं खोल्यांना भाडं किती देतात, खाणावळी, झेरॉक्सवाले, रिक्षावाले, वह्यांची दुकानं. मग तो पैसा घेणारा पुढं कुणाला देतो आणि तो पुढं कुणाला.

ओळीतली माणसं आधी तोंड उघडेनात. बरोबरच आहे. आमच्यात विक्रीचा आकडा सांगायची पद्धत अशी की विचारणारा सरकारी असेल तर अर्धा सांगायचा आणि सोयरीक घेऊन आला असेल तर दुप्पट. सरांना एकाच दिवसात दोन्ही मिळाले. नंजप्पानं पहिल्यांदा धंदा इतका कमी सांगितला की सर म्हणाले, "अहो, मग तुम्ही जगता कसे?" नंजप्पा म्हणाला, "देवाच्या दयेनं. स्वल्प उधारीनं." मी मधे पडले. नंजप्पाला म्हटलं, हा माणूस करवाला नाही, सोयरीकवालाही नाही, याला खरं सांग, शब्द माझा. माझ्या शब्दावर अख्खी ओळ खरं बोलली. पोरींच्या लग्नाची बोलणी करतानासुद्धा जे सांगितलं नाही ते त्यांनी सरांना सांगितलं.

एक दिवस सरांनी माझ्याकडची एक स्टीलची बादली उचलली आणि उजेडात धरली. तिच्यावर तीन नावं होती. वर प्रकाश, त्यावर रेघ. खाली जोसेफ, त्यावर रेघ. मग शैलजा. शैलजा नुकतीच नोकरी लागून गेली होती आणि बादली माझ्याकडं परत आली होती. सर कितीतरी वेळ त्या नावांवरून बोट फिरवत बसले. म्हणाले, "अक्का, ही बादली तुम्ही तीनदा विकलीत."

"चौथ्यांदाही विकणार. बूड बघा, अजून ठणठणीत आहे."

"पण शहरात बादली एकच आली ना? मी जर तीन विक्र्या मोजल्या आणि म्हटलं की विद्यापीठामुळं तीन बादल्यांचा धंदा झाला, तर ते खोटं होईल."

मग ते बोलतच सुटले. प्रकाश हुबळीहून आला, त्याचा पैसा बाहेरून आला, तो धरायचा. पण शैलजा इथलीच, जयनगरची, अभ्यासासाठी वसतिगृहात राहिली एवढंच. विद्यापीठ नसतं तरी ती या शहरात अंघोळ करणारच होती की! तिची बादली विद्यापीठाच्या खात्यावर कशी टाकायची? आणि बादली बनते कुठं? बाहेर. म्हणजे पैशाचा मोठा भाग तर तिकडंच गेला. शिवाय विद्यापीठ शहराकडून काय घेतं ते कोण लिहिणार? पाणी घेतं, रस्ते घेतं. खोल्यांची भाडी चढली म्हणून जुने भाडेकरू गेले, ती किंमत कुणाच्या नावावर? आणि ही ओळ... सर म्हणाले, या ओळीत मुलं स्वस्तात जेवतात, स्वस्तात संसार मांडतात, म्हणून गरिबाघरची पोरं इथं शिकायला टिकतात. हे विद्यापीठानं तुम्हाला दिलेलं नाही अक्का, तुम्ही विद्यापीठाला दिलेलं आहे.

मी आयुष्यभर वजनकाटा हाताळला. पण माप घेणाऱ्यानं स्वतःच्या मालकाविरुद्धही काटा सरळ धरावा, हे मी त्या एकाच माणसात पाहिलं.

आता चूक सांगते. सरांची चूक, आणि अशी चूक भला माणूसच करतो. त्यांनी मोजणीचे दोन भाग केले. पहिल्या भागात विद्यापीठाभोवती फिरणारा सगळा पैसा. दुसऱ्या भागात त्यातून काय काय वजा करायचं ते, म्हणजे तीनदा मोजलेल्या बादल्या, शैलजाची बादली, शहरावर पडलेला भार आणि ओळीचं देणं. दुसऱ्या भागासाठी त्यांना उन्हाळ्याची सुट्टी बघायची होती. मुलं घरी गेल्यावर ओळीत किती धंदा उरतो, तेवढा आजूबाजूच्या घरांचा, असा साधा हिशेब. सुट्टी लागायच्या आधीच कुलसचिवांनी पहिला भाग मागितला. "नुसतं ऑफिसात बघायला," म्हणाले.

सरांनी मला हे सांगितलं तेव्हा माझं डोकं सणकलं. आम्ही जुनं भांडं घेतो तेव्हा त्यातला डाग, माती, जोडाच्या डाखाचं वजन वजा धरतो, त्याला घट म्हणतात. मी म्हटलं, "मास्तर, भाव एका कागदावर आणि घट दुसऱ्या कागदावर असं कधी देऊ नये. समोरचा त्याला पाहिजे तो कागद घेऊन जातो."

सर हसले. "अक्का, हे विद्यापीठ आहे, बाजार नव्हे. पहिल्या भागाच्या शेवटी मी स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या भागाशिवाय हा आकडा वापरू नये."

"शेवटी लिहिलंय? म्हणजे कात्रीच्या तोंडाशी लिहिलंय."

तेच झालं. सुट्टी संपायच्या आत पहिला भाग गुळगुळीत कागदावर छापून आला. वर मंत्र्यांचा संदेश, आत रंगीत फोटो, शेवटची ओळ गायब आणि कव्हरवर ठळक अक्षरात डॉ. अनंत मणेरीकर. वर्तमानपत्रांत आकडा आला. सरकारी एका रुपयाचे शहरात किती रुपये होतात याची वर्णनं आली. त्यातच एक वाक्य होतं की मागच्या फाटकाबाहेरचा सगळा व्यापार विद्यापीठामुळं निर्माण झालेला आहे. पहिल्या भागात ते तसंच होतं, कारण तिथं सगळाच पैसा धरला होता. वजाबाकी पुढं होती. पण कुलसचिवांना वजाबाकीशी काय करायचंय? त्यांनी त्या वाक्याचा असा अर्थ लावला की धंदा आमच्यामुळं, म्हणजे धंदा आमचा. ओळ हटवायची, तिथं विद्यापीठाचं व्यापारी संकुल उभं करायचं, अनामत रक्कम भरेल त्याला गाळा. आणि आम्हाला? आम्हाला शहराच्या टोकाला, के. आर. पुरम स्टेशनच्या पलीकडं पर्यायी जागा. तिथं आमची गिऱ्हाइकं कशी यायची होती, आगगाडीतून उड्या मारून?

नोटीस आली त्या दिवशी सर नेहमीसारखे नंजप्पाच्या बाकावर बसले. नंजप्पानं सगळ्यांना चहा दिला. सरांच्या पुढ्यातला बाक फडक्यानं पुसला, इतका जोरानं की सरांना उठावं लागलं, आणि म्हणाला, "सर, इथला चहासुद्धा विद्यापीठाचाच. तिकडंच जाऊन घ्या." ओळ हसली. सर उभे राहिले होते. त्यांना कानडी आता चांगलं येत होतं, पण ते खाली मान घालून फाटकाकडं चालायला लागले... मी ओरडले, नंजप्पाला शिव्या दिल्या. नंजप्पा मला म्हणाला, "अक्का, तुमच्याच शब्दावर बोललो ना आम्ही?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना ओढत कुलसचिवांकडं नेलं. गार खोली, भिंतीवर संकुलाचं चित्र, टेबलावर काचेखाली देवाचे फोटो. कुलसचिव गोड बोलणारे. मला गोड बोलणाऱ्यांची किळस येते. माझा सगळा धंदा कडू बोलण्यावर झाला, पण पातेल्याला भोक असताना मी कधी दिलं नाही. सर म्हणाले, दुसरा भाग तयार आहे, तो छापा. कुलसचिव म्हणाले, "छापू की सर, निधी येऊ दे." सर म्हणाले, मग तोवर पहिल्या भागावरचं माझं नाव काढा. कुलसचिव खरंच चकित झाले. म्हणाले, "तुमचं नाव काढलं तर त्या आकड्याला विचारतो कोण? तुम्ही खरं बोलता हे सगळ्या शहराला माहीत आहे, म्हणून तर काम तुम्हाला दिलं!"

हे त्यांनी स्तुती म्हणून सांगितलं. खोटं खपवायला खरा माणूस लागतो, आणि त्या माणसाला ते तोंडावर सांगताना यांना घास अडकत नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, तुमची काळजी करू नका. संकुलात कोपऱ्याचा गाळा तुमचा. अनामत नको." मी विचारलं, "आणि नंजप्पाचा?" ते नुसते हसले. मी पुष्कळ सौदे केले, पण समोरच्यानं माझ्याच ओळीच्या बदल्यात माझा भाव केला असं तेव्हाच झालं. मी उठले. दार आपटून बाहेर पडले. सर मागं राहिले आणि त्या माणसाला नमस्कार करून बाहेर आले. पुणेरी सभ्यता! तिचा मला राग यायचा, अजून येतो.

सर निवृत्तीला आले होते. वर्तमानपत्रात जा, मी सांगत होते. ते म्हणायचे, दुसरा भाग रीतसर दिलाय, छापतील. कुणी म्हणेल पेन्शनला भ्याले. मला तसं वाटत नाही. आपण जिथं आयुष्य घातलं ती जागा इतकी खालची असेल, हे त्यांना मानताच येत नव्हतं. ओळ उठली. मी बसवनगुडीत एका बोळात भाड्यानं दुकान घेतलं. नंजप्पा के. आर. पुरमकडं गेला. तिथं धंदा चालेना, तो टपरी विकून दुसऱ्याच्या हॉटेलात कामाला लागला. सर बस बदलत बदलत तिथं जायचे, त्याला वजाबाकी समजावून सांगायला. नंजप्पा टेबलं पुसत राहायचा. सर परत यायचे. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "नंजप्पाला म्हणावं, मारा यांना एकदा. पण ऐका."

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधीच्या आठवड्यातली. दुकानात आले, स्टूल ओढलं. म्हणाले, "अक्का, ती बादली आहे का अजून?" ती मी विकली नव्हती. ओळ उठली तेव्हा सगळं सामान टेम्पोत आलं आणि ही मांडीवर. सरांनी ती घेतली, पूर्वीसारखं तीन नावांवरून बोट फिरवलं. मी चेष्टेनं म्हटलं, "खाली जागा आहे मास्तर, तुमचं घालू का चौथं?"

"नको," ते म्हणाले. "माझं नाव आता कशावर घालू नका."

मी चेष्टा पुढं चालवणार होते. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि बादली परत जागेवर ठेवली.

विद्यापीठानं शोकसभा घेतली. मी गेले, वहिनींना एकटं कसं सोडायचं? व्यासपीठावर हार घातलेला फोटो आणि फोटोशेजारी, तुमचा विश्वास बसणार नाही, तेच गुळगुळीत पुस्तक उभं करून ठेवलेलं. कुलसचिवांनी भाषण केलं. आवाज भरून आला त्यांचा. म्हणाले, विद्यापीठाचं या महानगराला असलेलं मोल मणेरीकरांनी सिद्ध केलं, त्यांचा आकडा अमर आहे. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मी उभी राहिले आणि विचारलं, "दुसरा भाग कुठाय?" मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, कूतकोळ्ळी, बसा हो, ही वेळ नव्हे." एका पोरीनं माझ्या हातात सामोशाची बशी दिली. त्या बशीवर संकुलातल्या उपाहारगृहाचं नाव होतं. ते नंजप्पाच्या टपरीच्या जागेवर आहे. मी बशी खाली ठेवली आणि वहिनींचा हात धरून बाहेर आले.

ती बादली आता माझ्या गल्ल्याशेजारी असते. गिऱ्हाईक विचारतं, मी देत नाही. रोज दुकान उघडलं की मी ती उपडी करून बुडावर टिचकी मारते. सर मारायचे, आवाज ऐकून मान हलवायचे, म्हणून. अजून ठणठणीत वाजते. तीन नावांची बादली आहे, पण प्रत्येक नाव ज्याचं त्यानं सांगितलं म्हणून घातलेलं आहे. पंचवीस-तीस वर्षांत मी कुणाच्या भांड्यावर त्याला न विचारता नाव घातलं नाही, आणि बूड कापून भांडं कुणाच्या माथी मारलं नाही.

तेव्हा कुलसचिव साहेब, हे तुमच्यासाठी. तुम्हाला मराठी येतं, शोकसभेत वहिनींशी बोललात. मला गाळा नको, जागा नको, तुमचा एक पैसा नको. शेवटची ओळ कुणी कापली? दुसरा भाग कुठल्या कपाटात आहे? 'नाव काढा' म्हणणाऱ्या जित्या माणसाचं नाव तुम्ही कोणत्या अधिकारानं ठेवलंत आणि आता तो मेल्यावर कोणत्या तोंडानं मिरवता? सरांना तुम्ही द्यायचं होतं ते उत्तर आता देता येणार नाही. नंजप्पा जिवंत आहे. के. आर. पुरमला टेबलं पुसतो. तिथं जा, त्याच्यासमोर उभे राहा आणि त्या पुस्तकावर सरांचं नाव कसं, हे त्यानं मला सरांच्या घराच्या फाटकाबाहेर विचारलं, त्याचं उत्तर त्याला द्या. चहा तो देईल की नाही, ते मी सांगू शकत नाही.